लिंबूवर्गीय झाडे : जमिनीत लावावीत की कुंडीत?

कागदी लिंबू, मोसंबी, संत्रे, इडलिंबू आणि महाळुंग ही एकाच कुळातली झाडे आहेत आणि त्या सगळ्यांचा एक स्वभाव समान आहे : मुळांशी ओलावा सतत हवा, पण साचलेले पाणी त्यांना मुळीच सोसत नाही. झाड जमिनीत लावावे की कुंडीत, हा प्रश्न वरवर जागेच्या सोयीचा वाटला तरी त्याचे उत्तर या मुळांकडे पाहूनच द्यावे लागते. परसात निचऱ्याची माती आणि दिवसाचे किमान सहा तास ऊन असेल, तर झाड जमिनीतच लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीतले झाड आपले अन्नपाणी बऱ्याच अंशी स्वतः शोधते, नीट निगा राखल्यास वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ फळ देते आणि घरची मंडळी आठवडाभर गावाला गेली तरी त्याचे काही अडत नाही. परंतु केवळ जमीन आहे म्हणून ती लिंबाला मानवेलच, असे नाही. भारी काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या किंवा चुनखडीच्या जमिनीत लावलेले झाड पहिली चार-पाच वर्षे बरे वाढते आणि ऐन फळावर येण्याच्या वेळी पिवळे पडून शेंड्याकडून वाळू लागते. अशा जमिनीपेक्षा गच्चीवरची नीट भरलेली मोठी कुंडी कितीतरी बरी.

जमीन आधी तपासावी

रोप आणण्यापूर्वी, लागवडीच्या ठिकाणी दीड ते दोन फूट खोल आणि फूटभर रुंद खड्डा खणून तो पाण्याने भरावा. कोरडी माती पहिले पाणी पटकन पिऊन टाकते, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नये. ते जिरल्यावर लगेच दुसऱ्यांदा खड्डा भरावा आणि वेळ पाहून ठेवावी. हे दुसरे पाणी चार-सहा तासांत जिरले तर निचरा समाधानकारक आहे असे समजावे. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पाणी दिसत असेल, तर त्या जागी सपाट जमिनीवर लिंबू लावण्याचा विचार सोडून द्यावा.

त्याच खड्ड्याच्या तळातली मूठभर माती वाळवून, फोडून तिच्यावर लिंबाच्या रसाचे थेंब टाकावेत. मातीत चुनखडी बरीच असेल तर थेंब पडतो तिथे बारीक बुडबुडे उठतात आणि कान जवळ नेल्यास चुरचुर ऐकू येते. तळातलीच माती घेण्याचे कारण असे की पुष्कळदा वरची फूटभर माती काळी आणि चांगली असते, पण तिच्याखाली पांढऱ्या खड्यांचा पिवळट थर दडलेला असतो आणि मुळे तिथवर पोहोचेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. चुन्यामुळे मातीतले लोह आणि जस्त झाडाला घेता येत नाही, पाने शिरांपुरती हिरवी राहून मधला भाग पिवळा पडतो आणि वरून कितीही खत घातले तरी फरक पडत नाही. शंका असेल तर मातीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत देऊन सामू (pH) आणि मुक्त चुन्याचे प्रमाण मोजून घ्यावे. सामू ६.५ ते ७.५ असावा, मुक्त चुना १० टक्क्यांहून अधिक असेल तर ती जमीन या झाडांसाठी वर्ज्य समजावी.

नागपूर-अमरावती पट्ट्यातील काटोल, वरूड, मोर्शी या भागांत संत्र्याच्या बागा पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत, पण तिथेही भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबले की फायटोफ्थोरा या बुरशीमुळे मुळे कुजतात आणि बुंध्यातून डिंक ओघळू लागतो. या डिंक्या रोगाने झाडे मरतात, म्हणूनच सपाट जमिनीऐवजी गादीवाफ्यावर लागवड करण्याचा आणि ओळींमधून निचऱ्याचे चर काढण्याचा आग्रह धरला जातो. कोकणात आणि गोव्यात परिस्थिती वेगळी आहे. तिथल्या जांभ्या मातीतून पाणी झरझर निघून जाते, त्यामुळे परसातले कागदी लिंबू चांगले वाढते. मात्र धो धो पावसाने अन्नद्रव्ये वाहून जातात आणि दमट हवेत पाने-डहाळ्यांवर खरबरीत ठिपके पाडणारा खैऱ्या रोग बळावतो. संत्रे आणि मोसंबी यांना लागणारी कोरडी थंडी आणि पाण्याचा ताण तिथे मिळत नाही, म्हणून त्या दोहोंचा आग्रह कोकणात धरू नये. परदेशात, जिथे हिवाळ्यात पाणी गोठते, तिथल्या मराठी घरांना कुंडीवाचून पर्यायच नाही, कारण कडाक्याच्या थंडीत झाड घरात उजेडाच्या खिडकीपाशी आणावे लागते.

झाड कोणते निवडावे

जमिनीसाठी कागदी लिंबाचे बियांपासून तयार केलेले रोप चालते. लिंबाच्या एका बीत बहुधा एकाहून अधिक अंकुर असतात आणि त्यांतले बरेचसे हुबेहूब मातृवृक्षाच्या गुणांचे निघतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साई सरबती आणि फुले सरबती, तसेच परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या विक्रम आणि प्रमालिनी या जाती आपल्याकडे सर्वपरिचित आहेत. यांतील शेवटच्या दोन जातींना फळे घोसाने लागतात. बियांच्या रोपाला फळ यायला चार-पाच वर्षे लागतात, ते उंच आणि काटेरी होते, पण मूळ खोल धरते आणि दीर्घकाळ टिकते.

कुंडीसाठी मात्र हेच रोप गैरसोयीचे ठरते. तिथे गुटी कलमच (झाडावरच्या फांदीला मुळे फोडून केलेले) घ्यावे, कारण ते बुटके राहते आणि दोन-तीन वर्षांत फळ धरते. बिनबियांचे लिंबू आणि आसामचे लांबट लिंबूही कुंडीत चांगले येते. रोपवाटिकांमध्ये चायना ऑरेंज या नावाने मिळणारे बारक्या आंबट फळांचे झाड तर कुंडीसाठीच योग्य आहे. त्याची फळे लोणच्याला आणि सरबताला उत्तम लागतात. मोसंबी मोठ्या ड्रममध्ये येऊ शकते. नागपुरी संत्र्याचे झाड कुंडीत जगते, परंतु बागेतल्या गोडीची फळे त्याच्याकडून अपेक्षू नयेत. पपनस आणि महाळुंग यांचा विस्तार आणि फळांचे वजन पाहता त्यांना जमीनच हवी.

संत्रे आणि मोसंबी यांची कलमे जंबेरी किंवा रंगपूर लाईम या खुंटावर, म्हणजे मुळांसाठी वापरलेल्या दुसऱ्या जातीच्या रोपावर, डोळा भरून केलेली असतात. खुंट कोणता आहे हे रोपवाटिकेत अवश्य विचारावे. क्षार, चुना आणि पाण्याची ओढ रंगपूर अधिक सोसतो. डोळा जमिनीपासून सुमारे नऊ इंचांवर भरलेला असावा. अगदी खाली डोळा भरलेले कलम कितीही टवटवीत दिसले तरी घेऊ नये, कारण तो भाग मातीला टेकला की बुरशीला वाट मिळते.

जमिनीतील लागवड

एप्रिल-मे महिन्यांत अडीच फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा. पावसाच्या तोंडावर पोयट्याची माती, दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, किलोभर निंबोळी पेंड आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट यांच्या मिश्रणाने तो भरावा. एक-दोन चांगले पाऊस होऊन भर खाली बसली की मगच रोप लावावे, अन्यथा झाडासकट माती खचते आणि डोळ्याचा भाग जमिनीत जातो. बागेत दोन झाडांत सहा मीटर अंतर ठेवतात. परसात एकच झाड असेल तर ते भिंतीपासून दहा फूट दूर असावे आणि गच्चीचे पावसाचे पाणी ज्या नळीतून खाली पडते, तिच्या आसपास मुळीच नसावे.

जमीन भारी असेल तर खड्ड्यात पैसे घालू नयेत. घट्ट काळ्या मातीतला खड्डा हलक्या भुसभुशीत मिश्रणाने भरला की भोवतालचे पाणी त्यातच येऊन साचते. त्याऐवजी जमिनीच्या वर दीड फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद उंचवटा करून त्याच्या माथ्यावर रोप लावावे. दिसायला तो ओबडधोबड वाटतो, पण झाड वाचते.

पाणी देताना दुहेरी आळे करावे. बुंध्याभोवती फूटभर अंतरावर मातीची एक गोल वरंबी आणि फांद्यांच्या विस्ताराच्या कडेला दुसरी. पाणी या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात सोडावे, बुंध्याला लागू देऊ नये. अन्न घेणारी तंतुमय मुळे विस्ताराच्या कडेखाली आणि मातीच्या वरच्या दोन फुटांत असतात, म्हणून झाड वाढेल तसे आळेही बाहेर सरकवावे, खतही तिथेच घालावे आणि तिथे खोल कुदळ चालवू नये. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर बुंध्याला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो हे बुरशीनाशक मलम लावण्याची रीत कसोशीने पाळावी. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण असून घरच्या एका झाडाला याचा दहावा भागही पुरतो; मात्र मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नये.

कुंडीतील लागवड

कुंडीतल्या झाडाला आपण देऊ तेवढेच मिळते. त्याला पाणी शोधायला दुसरीकडे जाता येत नाही, उन्हाने तापलेल्या मातीपासून मुळे खोल नेता येत नाहीत आणि क्षार साठले तर ते टाळता येत नाहीत. म्हणून कुंडीतले झाड हे जमिनीतल्या झाडाची लहान आवृत्ती समजून चालत नाही. त्याचा दिनक्रमच वेगळा असतो आणि तो पाळण्याची तयारी असेल तरच या वाटेला जावे.

रोप सुरुवातीला बारा-चौदा इंची कुंडीत ठेवावे आणि दीड वर्षाने वीस-बावीस इंची कुंडीत किंवा अर्ध्या कापलेल्या दोनशे लिटरच्या ड्रममध्ये हलवावे. लहान रोप एकदम मोठ्या ड्रममध्ये लावल्यास न वापरलेली माती ओलीच राहते आणि मुळे कुजतात. असा अर्धा ड्रम ओल्या मातीसह सव्वाशे किलोंच्या आसपास भरतो, त्यामुळे गच्चीवर तो स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता तुळईवर किंवा भिंतीच्या कडेला, विटांवर उचलून ठेवावा. खालून हवा खेळली की गच्चीही ओली राहत नाही. खिडकीच्या ग्रिलमध्ये हे वजन ठेवू नये.

तळाला बोटभर व्यासाची किमान पाच-सहा छिद्रे हवीत. त्यांवर खापराचा एकेक तुकडा किंवा जाळी ठेवली की पुरे. खडीचा जाड थर घालण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक माती आणि खडी जिथे भेटतात तिथे पाणी अडून राहते आणि मुळांची जागा मात्र कमी होते. भरण्यासाठी मोजमापाने चार भाग लाल किंवा पोयट्याची माती, तीन भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू घ्यावी आणि दर पन्नास लिटर मिश्रणाला पाव किलो निंबोळी पेंड मिसळावी. ओलसर मिश्रण मुठीत दाबले तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर तो सहज फुटावा. कुंडीच्या काठाखाली दोन इंच जागा पाण्यासाठी मोकळी सोडावी.

उन्हाळ्यात कुंडीला रोज सकाळी पाणी लागते आणि मे महिन्याच्या झळांत सायंकाळीही थोडे द्यावे लागते. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड पुरते. पण वेळापत्रकावर विसंबू नये. दोन पेरे बोट मातीत घालून पाहावे, आत ओल लागली तर थांबावे. जेव्हा पाणी द्याल तेव्हा ते तळाच्या छिद्रांतून बाहेर येईपर्यंत द्यावे, कारण वरवर शिंपडलेल्या पाण्याने क्षार कुंडीतच साठत जातात. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी दिसते, ती याचीच खूण आहे. पावसाळ्यात अशी कुंडी मोकळ्या पावसात ठेवली की ते क्षार धुऊन निघतात. कुंडीखालची थाळी पावसाळ्यात काढून टाकावी.

उन्हाकडे फार जण दुर्लक्ष करतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडील बाजू मे महिन्यात हात टेकवता येणार नाही इतकी तापते आणि तिला चिकटून असलेली कोवळी मुळे भाजून निघतात, मग पाणी भरपूर असूनही झाड दुपारी मान टाकते. कुंडी बाहेरून पांढरी रंगवावी किंवा तिच्याभोवती गोणपाट गुंडाळावा आणि मातीवर दोन इंच पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, फक्त ते बुंध्याला टेकू देऊ नये.

प्रत्येक पाण्यासोबत कुंडीतले अन्न थोडे थोडे वाहून जाते, म्हणून जमिनीप्रमाणे वर्षातून दोन-तीन मोठे हप्ते इथे उपयोगाचे नाहीत. महिन्याला दोन-तीन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड हे माझ्या मते चांगले प्रमाण आहे. नवी पालवी आली की जस्त, लोह आणि मँगनीज असलेल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी पाकिटावरील मात्रेने सायंकाळी करावी.

दोन-तीन वर्षांनी मुळे कुंडीच्या भिंतीला धरून गोल फिरू लागतात आणि पाणी घातले की ते आत न मुरता कडेने निघून जाते. तेव्हा पावसाच्या सुरुवातीला झाड बाहेर काढून, धारदार सुरीने मातीच्या गोळ्याचा चोहोबाजूंनी आणि तळाचा इंच-दीड इंच भाग कापून टाकावा, तेवढ्याच प्रमाणात फांद्या छाटाव्यात आणि ताज्या मिश्रणात झाड पुन्हा बसवून आठवडाभर सावलीत ठेवावे.

बहार धरणे

या झाडांना फुलोऱ्यासाठी विश्रांती लागते. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीतील आंबिया, जून-जुलैमधील मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हस्त असे तीन बहार येतात आणि पाणी तोडून ताण दिल्यावर ठरावीक बहार भरघोस धरता येतो. जमिनीत हलक्या मातीला महिनाभर, तर भारी मातीला दीड-दोन महिने ताण द्यावा लागतो. कुंडीत हेच काम आठ-दहा दिवसांत होते, पण तिथे नजर ठेवावी लागते : दुपारी पाने मलूल होऊन सायंकाळी सावरत असतील तर ताण योग्य आहे, सकाळीही ती मलूलच दिसली तर त्याच क्षणी पाणी सुरू करावे. ताण तोडताना पहिले पाणी, म्हणजे आंबवणी, हलके द्यावे, चार-पाच दिवसांनी दुसरे, म्हणजे चिंबवणी, थोडे अधिक द्यावे आणि मग नियमित पाण्यावर यावे. एकदम भरपूर पाणी दिल्यास पाने आणि कळ्या गळतात.

कुंडीची खरी जमेची बाजू इथे आहे. लिंबाची फुले फळात पक्व व्हायला साधारण पाच-सहा महिने लागतात, म्हणजे हस्त बहाराची लिंबे ऐन उन्हाळ्यात, भाव चढलेले असताना हाती येतात. शेतकऱ्याला हा बहार धरणे अवघड जाते, कारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात जमिनीला ताण बसत नाही. कुंडी मात्र भरपूर उजेडाच्या पत्र्याखाली किंवा आडोशाला सरकवून कोरडी ठेवता येते. फळांची संख्या अर्थातच जमिनीतल्या झाडाशी तुलना करण्यासारखी नसते. पण घरच्या जेवणाला लागणारी लिंबे एका चांगल्या कुंडीतून बऱ्याच अंशी भागतात. कलम लावल्याच्या पहिल्या वर्षी आलेली फुले मात्र खुडून टाकावीत.

छाटणी आणि कीड

खुंटावर फुटणारे धुमारे आणि फांद्यांतून सरळ वर जाणारे जोमदार पाणसोट दिसताच काढावेत. फळे उतरल्यावर वाळक्या काटक्या, म्हणजे सल, थोड्या हिरव्या भागासकट कापाव्यात. यापलीकडे लिंबाला जड छाटणी लागत नाही.

कोवळ्या पालवीवर लिंबावरच्या फुलपाखराची अळी हमखास येते. लहानपणी ती काळपट-पांढरी आणि पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत असल्याने नजरेतून सुटते, मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून तांबूस दुभंगलेला अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. कुंडीतल्या लहान झाडाची सगळी पालवी अशा चार-पाच अळ्या दोन दिवसांत फस्त करतात, म्हणून नवी फूट असेल तेव्हा रोज सकाळी पाने उलटून पाहावीत आणि अळ्या हाताने वेचाव्यात. पानांत नागमोडी चंदेरी रेषा काढणारी नागअळी आणि कोवळ्या शेंड्यांतला रस शोषणारी सिला यांसाठी पालवी फुटताच दर लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल थोड्या साबणासह कालवून फवारावे. सिला ग्रीनिंग हा असाध्य रोग पसरवते, त्यामुळे तिला हलके घेऊ नये. खैऱ्याचे खरबरीत तपकिरी ठिपके दिसलेली पाने आणि डहाळ्या कोरड्या दिवशी कापून जाळाव्यात आणि पावसाळ्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड दर लिटरला तीन ग्रॅम या प्रमाणात फवारावे.

कुंडीतून जमिनीत

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी किंवा ज्यांचे घर अजून बांधून व्हायचे आहे त्यांनी झाड दोन-तीन वर्षे कुंडीत वाढवून मग जमिनीत हलवायला हरकत नाही. यासाठी मृगाचे एक-दोन पाऊस झाल्यानंतरचे ढगाळ दिवस निवडावेत. झाड बाहेर काढल्यावर गोल फिरलेली मुळे तशीच ठेवली तर ती जमिनीतही गोलच फिरत राहतात, म्हणून गोळ्याला वरपासून खालपर्यंत चार ठिकाणी इंचभर खोल चिरा द्याव्यात आणि तळाचा गुंता कापून काढावा. कुंडीतील मातीची वरची पातळी जमिनीच्या पातळीपेक्षा दोन इंच वरच राहील असे झाड बसवावे, कारण भर पुढे थोडी खचतेच. त्यानंतर पहिला उन्हाळा संपेपर्यंत त्याला कुंडीतल्या झाडासारखेच वारंवार पाणी द्यावे लागते; मुळे जुन्या गोळ्याबाहेर पडून भोवतालच्या मातीत शिरली, की दुहेरी आळ्याच्या पाण्यावर आणि जमिनीच्या वेळापत्रकावर त्याला आणता येते.